गगनबावडा रस्त्यावरच्या पंक्चरवाल्या दादांना

दादा, नमस्कार.

नंबर मागितला तर तुम्ही म्हणालात, "नंबर कशाला? दुकान हितंच असतंय की." म्हणून हे असं चारचौघांत पत्र.

त्या दिवशी माझी 200 किलोमीटरची बीआरएम होती, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. साडेतेरा तासांत संपवायची, आणि घरची गाडी मागं ठेवायची नाही. मदत लागली तर वाटेवरच्या दुकानातून. करूळ घाट चढून गगनबावड्याला आले तोवर वेळ हाताशी होता. मग परतीच्या पावसानं गाठलं आणि मागच्या चाकातून टण्ण आवाज आला. गिअरच्या बाजूची तार चाकाच्या मधोमध, हबपाशीच तुटली होती. चाक एवढं आऊट, म्हणजे वाकडं झालं की प्रत्येक फेऱ्याला ब्रेकला घासायचं.

हेच चाक मी आठवडाभर आधी शहरातल्या एका चकचकीत दुकानात नेलं होतं. "मागून टिकटिक येतंय," म्हटलं. काउंटरवरच्या पोरानं चाक फिरवूनसुद्धा बघितलं नाही. "मॅडम, सायकल ओके आहे. तुम्ही वजन थोडं कमी करा." बिल मात्र चोख फाडलं. असो. असो कसलं, अजून डोकं तापतं!

ढकलत तुमच्या दुकानाशी आले तेव्हा अंधारलं होतं. पावसाला आडोसा म्हणून दोन पोरं मोटारसायकली लावून उभी होती. पन्नाशीची बाई, हेल्मेट, भिजून अंगाला चिकटलेले सायकलचे कपडे. वरून खालपर्यंत बघणं चाललेलं. तुम्ही सायकलला हात लावायच्या आधी मागच्या दाराकडं तोंड करून हाक मारलीत, "अगं, जरा भाईर येऊन बस. ताई आल्यात."

वहिनी घेवड्याच्या शेंगांची पाटी घेऊनच आल्या. माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला, बाकड्यावर शेजारी टेकल्या आणि शेंगांच्या शिरा काढत बसल्या. कुठली, कशाला, एकटीच का, काही नाही. पोरं मुकाट्यानं पांगली. तुम्ही त्यांना हटकलं नाही, मला "घाबरू नका" म्हणाला नाहीत. दुरुस्तीचे आणि चहाचे आभार आहेतच, पण हे पत्र त्या हाकेसाठी. एकटीनं सायकल चालवताना कुठं थांबायचं, कुठं नाही, कुणाकडं पाठ करायची नाही, हा हिशेब डोक्यात सतत चालू असतो. तुमच्या बाकड्यावर तो बंद पडला.

त्या मापाची तार तुमच्याकडं नव्हती. तुम्ही तुटकी तार शेजारच्या तारेला गुंडाळलीत, पलीकडच्या बाजूनं येणाऱ्या लगतच्या दोन तारा पाव-पाव फेरा सैल केल्यात आणि ब्रेकपाशी एक डोळा लावून आऊट काढलात. "मागचा ब्रेक ढिला सोडलाय, पुढचा दमानं दाबा. जाईल कोल्हापूरपत्तर." गेली. वेळ टळली होती, पदक हुकलं, आणि खरं सांगते, त्याचं काही वाटलं नाही.

पैसे विचारले तर म्हणालात, "तार कुठं बसवलीय मी? मग कशाचं पैसं?" शहरातल्या त्या पोराला हे ऐकवायला हवं होतं. आपल्याकडं पाहुणचाराचं कौतुक तांबड्या-पांढऱ्यावरूनच होतं. होऊ दे. पण अनोळखी बाईला ऐनवेळी काय हवंय हे तिनं तोंड उघडायच्या आत ओळखणारी माणसंही याच जिल्ह्यात आहेत, ती बोर्ड लावत नाहीत एवढंच.

चाक अजून तुम्ही सोडलंत तसंच आहे. मापाची तार आणून ठेवलीय, रविवारी घेऊन येते. बसवायची तुम्हीच, आणि या खेपेला मजुरी घ्यायची.

तुमची,
सायकलवाली ताई, कोल्हापूर