‘नवी आवृत्ती आली’ म्हणजे नक्की काय आले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरची ‘नवी आवृत्ती आली’ अशी बातमी छापून येते, तेव्हा कधीकधी आलेली असते ती बीटा (कच्ची आवृत्ती) किंवा रिलीज कँडिडेट, म्हणजे आरसी (अधिकृत होण्याआधीची, जवळपास पक्की आवृत्ती). दोन्ही चाचणीसाठीच; पण कॉम्प्युटरवर बसतात वेगवेगळ्या तऱ्हेने, आणि घोटाळा तिथेच होतो.

अल्फा (बीटाच्याही आधीची), बीटा आणि रोज निघणाऱ्या कच्च्या आवृत्त्या, म्हणजे बिल्ड, ‘लिब्रेऑफिसडेव्ह’ या नावाने बसतात. आधीचे लिब्रेऑफिस जागच्या जागी राहते, सेटिंगचे फोल्डरही वेगळे. बीटा बिघडली तर काढून टाकली की झाले. आरसी मात्र मूळ नावानेच येते आणि चालू लिब्रेऑफिस काढून त्याची जागा घेते. लोक बिचकतात बीटाला. जपायला हवे आरसीला. ती टाकण्याआधी प्रोफाइलमधला, म्हणजे सेटिंगच्या फोल्डरातला, ‘यूजर’ फोल्डर कॉपी करून ठेवावा. एकेक करून भरलेले मराठी शब्द आणि ऑटोकरेक्टच्या जोड्या त्यातच असतात.

ओळखायचे कसे? डाउनलोड केलेल्या फाइलच्या नावात २४.८.० असे तीनच आकडे असतील तर ती अधिकृत. २४.८.०.१ असे चार असतील तर आरसी. शेवटचा आकडा कितवी आरसी ते सांगतो. हा नियम फाइलच्या नावापुरताच. हेल्प मेनूतल्या ‘अबाउट’मध्ये अधिकृत आवृत्तीही चार आकडे दाखवते, कारण शेवटची आरसीच जशीच्या तशी अधिकृत म्हणून जाहीर होते. ऑगस्ट २०२४ची २४.८.० तिथे २४.८.०.३ अशी दिसते. ते पाहून ‘कच्ची आवृत्ती गळ्यात पडली’ म्हणत पुन्हा इन्स्टॉल करत बसू नये. तिथे २४.८.०.१ किंवा २४.८.०.२ दिसली, तर मात्र बदलावी.

फायरफॉक्स ब्राउझरची खूण सोपी: आकड्यानंतर ‘ए१’ असेल तर नाइटली (रोज निघणारी कच्ची आवृत्ती), ‘बी’ असेल तर बीटा. मात्र ६७व्या आवृत्तीपासून (२०१९) नव्या आवृत्तीत उघडलेले प्रोफाइल (बुकमार्क, सेटिंग यांचा साठा) जुन्या आवृत्तीत उघडायला फायरफॉक्स नकार देते. त्यामुळे बीटासाठी वेगळेच प्रोफाइल ठेवावे.

आपल्या तंत्रज्ञानाच्या पानाला एवढीच विनंती, की नुसते ‘आली’ न छापता ‘२४.८.०, आरसी १’ असा पूर्ण आकडा टप्प्यासकट द्यावा. जागा दोन शब्दांचीच लागेल.

आपला,
एक संगणक प्रशिक्षक, नाशिक