वांगी तोडायला बावीस दिवस कोण थांबतो?

महोदय,

भाजीतल्या विषाची चर्चा निघाली की ती दोन टोकांना जाऊन बसते. एक म्हणतो सेंद्रियच खा, दुसरा म्हणतो औषध मारल्याशिवाय पीक हाती लागत नाही. शेवटची फवारणी आणि तोडा यांत किती दिवस गेले, हा साधा, मोजता येण्याजोगा प्रश्न दोघेही विचारत नाहीत.

नोंदणीकृत कीटकनाशकाला प्रत्येक पिकासाठी हा कालावधी ठरवून दिलेला असतो. शेतकरी त्याला पीएचआय (प्री-हार्वेस्ट इंटरव्हल) म्हणतात. तो औषधागणिक बदलतो हे बहुतेकांना ठाऊक असते. पिकागणिकही बदलतो, हे विसरले जाते. क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ एससी हे अळीनाशक फवारले तर टोमॅटो आणि कोबीला ३ दिवस थांबायचे, भेंडीला ५, कारल्याला ७ आणि वांग्याला तब्बल २२. इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल हे कीटकनाशक भेंडीवर ३ दिवसांचे, पण मिरचीवर ४० दिवसांचे. तेव्हा ‘हे औषध सेफ आहे का?’ असे नुसते विचारून उपयोग नाही.

आता वांग्याचेच घ्या. फळे लागली की चार-पाच दिवसांनी तोडा येतो. बावीस दिवस थांबायचे तर वांगी निबर होऊन फेकावी लागतील. म्हणजे हे औषध वापरायचेच असेल तर फळधारणेच्या पुरेसे आधी. तोडे सुरू झाल्यावर गरज पडलीच, तर ३ दिवस कालावधी असलेले इमामेक्टिन बेन्झोएट ५ एसजी (१० लिटर पाण्यात ४ ग्रॅम), आणि क्रम असा की आधी तोडा, मग त्याच संध्याकाळी फवारा. प्रत्यक्षात अनेकदा उलटे होते. सकाळी माल चकाकावा म्हणून आदल्या दिवशी पंप फिरतो. भाव चढला की थांबायचे दिवस आणखी आखडतात. एकाच पंपात दोन कीटकनाशके, एक बुरशीनाशक आणि वर टॉनिक असे मिश्रण केले, तर निदान त्यांतला सर्वांत लांब कालावधी धरायला हवा. धरला जातो सर्वांत आखूड.

औषधाच्या डब्यावरच्या रंगीत त्रिकोणाबद्दलही गैरसमज आहे. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग औषध पोटात किंवा अंगावर गेल्यास होणाऱ्या तीव्र विषबाधेचा धोका सांगतात. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तो धोका या जातीचा. हिरवा त्रिकोण म्हणजे ‘जैविक’ नव्हे, आणि उद्या तोडायला मोकळीक तर नव्हेच.

वांग्याचा शेंडा व फळ पोखरणारी अळी फळात शिरली की कोणताही फवारा तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून खरे काम आधीचे. मान टाकलेले शेंडे दर आठवड्याला, अळीने पोखरलेल्या भागाच्या खालून खुडायचे आणि शेताबाहेर नेऊन नष्ट करायचे. खुडून बांधावर टाकले तर अळी तिथेच कोष करते आणि पतंग पुन्हा शेतात येतो. कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) नुसत्या टेहळणीसाठी एकरी चार-पाच पुरतात. पतंग मोठ्या प्रमाणावर पकडायचे तर एकरी ४० च्या आसपास लागतात. चार सापळे टांगून ‘गुण आला नाही’ म्हणणारे पुष्कळ आहेत.

निंबोळी अर्काचेही तसेच. ५ किलो निंबोळी पूड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून एकूण १०० लिटर द्रावण करायचे. ते त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारायचे, कारण कडक उन्हात निंबोळीतले कीडनाशक द्रव्य, अझाडिरॅक्टिन, लवकर विघटित होते. बुरशी चढलेल्या जुन्या निंबोळ्या घेतल्या किंवा अर्क आठवडाभर ठेवला, की मेहनत वाया जाते. अर्क अंडी आणि बारीक अळ्यांच्या अवस्थेत चालतो, मोठ्या अळीवर नाही.

‘शंभर टक्के ऑरगॅनिक’ लिहिलेल्या बाटलीने दोन दिवसांत अळी पटापट मरून पडत असेल, तर शंका घ्यावी. अशा काही बाटल्यांत रासायनिक कीटकनाशक मिसळलेले असते. कीड मारण्याचा दावा करणाऱ्या मालावर, तो कडुनिंबाचा असला तरी, कीटकनाशक कायद्याखालचा नोंदणी क्रमांक हवा. तो नसेल तर बाटली दुकानातच ठेवावी. सेंद्रिय शेती करणाऱ्या प्रामाणिक माणसाचा माल अशाच बाटलीमुळे तपासणीत नापास होतो.

गृहिणींना मीठ-पाण्याचा सल्ला सगळेच देतात. वाहत्या पाण्याने चोळून धुतल्यास सालीवरचे अंश काही प्रमाणात जातात, तेवढे जरूर करावे. पण इमिडाक्लोप्रिडसारखे आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसातून आत मुरते. ते धुऊन निघत नाही, महागडे ओझोन यंत्र आणले तरी. त्यावर उपाय शेतातच, थांबण्याचा.

हे अशक्य नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडल्याने युरोपात आपली द्राक्षे अडकली. आज निर्यातीच्या बागेत फवारणीची नोंदवही असते आणि ग्रेपनेट या निर्यात द्राक्षबागांच्या ऑनलाइन नोंदणीत नोंदलेल्या प्लॉटचा नमुना तोडणीआधी तपासला जातो. हाच शेतकरी शेजारच्या वाफ्यातली मेथी स्थानिक बाजारात पाठवतो तेव्हा त्याला कुणी काही विचारत नाही.

भाजीपाल्याला एवढी यंत्रणा परवडणार नाही, हे मान्य. पण कृषी सेवा केंद्राने बिलावर पिकाचे नाव आणि थांबायचे दिवस ठळक मराठीत लिहावेत. बाजार समितीत आडत्याने पट्टीवर (विक्रीच्या हिशेबाच्या पावतीवर) शेवटच्या फवारणीचे औषध व तारीख नोंदवावी. काही जण खोटे लिहितील. तरीही अन्न व औषध प्रशासनाचा नमुना नापास झाला, तर माल कोणाच्या शेतातला आणि चूक औषधाची की घाईची, हे शोधायला हातात कागद असेल. एका बाजार समितीत, वांगी आणि भेंडी या दोनच पिकांपासून येत्या हंगामात सुरुवात करता येईल.

– वनस्पती संरक्षण क्षेत्रातील एक वाचक, नाशिक