मोडलेला फुटवा

प्रिय नंदे,

तुझी दोन पत्रं येऊन सात महिने झाले आणि माझ्याकडून एक ओळ नाही. कारणं सांगत बसत नाही, तुला ती सगळी तोंडपाठ आहेत. इकडे सगळे ठीक. माझी पाठ मधूनमधून दुखते, आईचा गुडघा आहे तसाच. रविवारी एक गोष्ट घडली. ती यांना सांगून उपयोग नव्हता, म्हणून सांगितली नाही. कळली तर फक्त तुलाच कळेल, आणि तुलाच सांगायला मला सगळ्यात जड जातंय.

आम्ही बेरीच्या शेतावर गेलो होतो. आपणच ओळींतून फिरून फळं तोडायची आणि निघताना काट्यावर वजन करून पैसे द्यायचे, तसलं शेत. सई, तिची मैत्रीण रेवा आणि मी. रेवाला तू पाहिलेलं नाहीस. लहान चणीची, सईच्या मागे मागे असते. तशी ती तुझ्यासारखी मुळीच नाही, तू जन्मात कुणाच्या मागे चालली नाहीस. पण अंगावर आलेलं निमूट झेलायची तिची तऱ्हा थेट तुझी.

सकाळी लवकर बोलावलं होतं, कारण फळ गार असताना तोडलं तर टिकतं. ऊन चढलं की हाताच्या उबेनेही मऊ पडतं. तिथल्या एका मुलाने आधी सगळ्यांना शिकवलं. स्ट्रॉबेरी ओढायची नाही, देठ नखाने खुडायचा, हिरवी टोपी फळावरच राहू द्यायची. वरच्या बाजूला पांढरी असेल तर हात लावायचा नाही, कारण तोडल्यावर ती पिकत नाही. घरी ठेवून रंग चढेल, गोडी चढणार नाही. डबेही उथळ दिले होते, खोल डब्यात तळची फळं वरच्यांच्या वजनाने चेंगरतात.

तुझी आठवण तिथेच पहिल्यांदा आली. स्ट्रॉबेरी ही बेरीच नाही आणि केळं मात्र बेरी, यावरून तू वसतिगृहाची अख्खी खोली जागी ठेवली होतीस ना! वरचे पिवळे ठिपके म्हणजे बिया नव्हेत, तो एकेक ठिपकाच खरं फळ, आणि आपण खातो तो फुलाचा फुगलेला बूड. मी म्हणाले होते, मग आजपर्यंत आम्ही काय खाल्लं? तेवढ्यावरून तू दोन दिवस अबोला धरलास. रविवारी मी हे सगळं पोरींना तुझ्या नावासकट सांगितलं. सई म्हणाली, नंदामावशी आधी वर्गवारी करेल, मग खाईल, तोवर आपण संपवू.

आणि ते फ्रेझिएचं पत्र! तो फ्रेंच इंजिनिअर १७१४ मध्ये चिलीहून मोठ्या फळांच्या स्ट्रॉबेरीची रोपं घेऊन आला, जगली ती सगळी मादी निघाली, आणि शेजारी उत्तर अमेरिकेतली जात लावली तेव्हा कुठे त्यांना फळ धरलं. मग १७६६ मध्ये दुशेन नावाच्या तरुण अभ्यासकाने ओळखलं, की बागांतली ही नवी स्ट्रॉबेरी या दोन जातींचा संकर आहे. लग्नानंतर तुझं मला आलेलं ते पहिलं पत्र. चार पानं रोपांवर आणि स्वतःविषयी एक ओळ नाही. मी तेव्हा किती चिडले होते! आता वाटतं, स्वतःविषयी लिहायची तुला भीती वाटत असेल. मलाही आत्ता वाटतेय, बघ ना, कशी लांबण लावतेय.

तर रास्पबेरी. पिकलेली रास्पबेरी बोट लावलं की निसटते. मधला पांढरा गाभा झाडावरच राहतो आणि हातात येते ती पोकळ टोपी. जी निसटत नाही तिच्याशी झटापट करायची नाही, ती अजून तयार नसते. पोरींनी दहाही बोटांवर टोप्या चढवल्या आणि एकमेकींना दाखवत एकेक खाल्ली. रेवाच्या करंगळीवरची फार मोठी होती, सारखी घसरत होती. तिने ती शेवटपर्यंत राखून ठेवली आणि सईला दिली.

मग सईला तारेपलीकडची घोसाने लागलेली फळं दिसली. ती वाकली, तोल गेला आणि तिच्या गुडघ्याखाली एक जाड हिरवा फुटवा कटकन मोडला. मी दोन ओळी सोडून बसले होते, नंदे. मी पाहिलं. सई उठून बाजूला झाली. रेवाने पुढे होऊन तो फुटवा उचलला आणि परत उभा करायला लागली, तारेला टेकवून, दोन्ही हातांनी. नेमके तेव्हाच शेताचे मालक आले.

ते ओरडले नाहीत, तेच वाईट. शांतपणे रेवाला सांगत राहिले. यांच्या जातीत काठी पहिल्या वर्षी नुसती वाढते, दुसऱ्या वर्षी फळते आणि मरते. आज ज्यांची फळं खाताय त्या काठ्या कापायच्याच आहेत. हा कोवळा फुटवा होता म्हणजे पुढच्या वर्षीचं फळ होतं, बाळा. रेवा मान खाली घालून "हो काका" म्हणाली. सई स्वतःच्या डब्यातली फळं मोजायला लागली. आणि मी म्हटलं, "चला, ऊन झालं."

मी एवढंच म्हटलं.

नंदे, गुलाबाचं ते कलम मी मोडलं होतं. मोठ्या बाईंनी स्वतः बांधलेलं. चेंडू काढायला मी कुंपणावरून उडी मारली आणि पाय थेट त्यावर. तू नुसती फांदीला माती चढवत होतीस. तुला तीन दिवस वर्गाबाहेर उभं केलं आणि मी खिडकीशेजारच्या बाकावरून तुझी वेणी बघत होते. नंतर तू आठवडाभर माझ्याशी बोलली नाहीस. ते भांडण कंपासपेटीवरून झालं, असं मी आजपर्यंत सगळ्यांना सांगत आले. ते कंपासपेटीवरून नव्हतं ना? तुला ठाऊक होतं ना?

चार रात्री हेच चाललंय. सईला रागवावं तर कुठल्या तोंडाने? ती दहा वर्षांची आहे, घाबरली. मी चाळीस पार केली आणि तिच्याइतकीच घाबरले, तेही एका भल्या माणसाला. बरं, न रागवावं तर ती शिकेल की गप्प बसलं की प्रसंग निभावतो. निभावतो, हे मला माहीत आहे. आणि पुढे किती वर्षं पुरतो, तेही. रेवाच्या आईला फोन करायला दोनदा हातात घेतला. पण मी सांगितलं तर ते सईचं सांगणं राहणार नाही. यांनी विचारलंच, तुझं लक्ष कुठे आहे? मी म्हटलं, पाठ दुखतेय.

काल रात्री सईला कलमाची गोष्ट सांगितली, काही न वगळता. ती बराच वेळ पांघरुणाचं टोक मुरगाळत राहिली. मग म्हणाली, "मग नंदामावशीला सांगितलंस?"

म्हणून आज हे पत्र.

सकाळी ती न खाता शाळेत गेली आणि फ्रीजमधला रास्पबेरीचा डबा सोबत नेला. चारच दिवसांत निम्म्यांना बुरशी आली होती, चांगल्या तेवढ्या तिने निवडून घेतल्या. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

तुझी बढती झाली का? विभागप्रमुखांशी अजून वाजतंच का? मधूच्या निकालाचं लगेच कळव. अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असेलच, त्यांना नमस्कार सांग. घर बदललंस तर पत्ता पाठव, हे पत्र मी जुन्याच पत्त्यावर टाकतेय.

रागावलीस तर दोन दिवसच रागाव, आठवडा नको.

तुझी,
वैजू