भट्टीच्या उजेडातली माणसं

कसबा पेठ, पुणे

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

स्लोवाकियातल्या बान्स्का बिस्त्रित्साहून तू पाठवलेला, भट्टीजवळच्या तांबे-कारागिरांच्या चित्राचा फोटो मिळाला. मोबाइलवर बोटांनी मोठा करून पाहिला, तरी समाधान होईना. शेवटी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट काढून आणली. तो म्हणाला, "काका, हे आपल्या तांबट आळीतलं का?" मी हो म्हणून टाकलं. कोण समजावत बसणार!

फोनवर तू विचारलंस, "बाबा, चित्र छान आहे ना?" छान की कसं ते मला सांगता येत नाही. पण ज्याने ते काढलं तो भट्टीशेजारी तासन्‌तास उभा राहिलेला माणूस आहे, एवढं मी छातीठोक सांगतो. भट्टीचा उजेड दिव्यासारखा नसतो. तो माणसाची एक बाजू पेटवतो आणि दुसरी पार गिळून टाकतो. बाहेरचे लोक आळीत येतात, फोटो काढतात आणि हमखास म्हणतात, "काका, लाइट लावा ना!" अरे, लाइट लावला तर तांबं किती तापलं ते दिसणार कसं? ते रंगावरून ओळखायचं, आणि तो मंद लाल रंग लख्ख उजेडात हरवतो. म्हणून तांबटाचा कारखाना काळोखा. या चित्रकाराने काळोख काळोखाच ठेवलाय. तिथेच मी त्याला मानलं.

मग रात्री त्याची माहिती शोधत बसलो. डोमिनिक स्कुतेत्स्की. जन्म १८४९चा, गायारी गावचा, ज्यू घरातला. शिक्षण व्हिएन्नाला, म्हणजे तू आत्ता राहतेस तिथेच. पुढे व्हेनिसला गेला. तिथल्या गल्लीबोळांतली, बायामाणसांची गोड चित्रं काढली, आणि ती खपतही होती. आणि असा माणूस डोंगरातल्या बिस्त्रित्साला येऊन राहतो, तिथल्या बाजारातल्या बायका रंगवतो आणि मग तांब्याच्या हामोरमध्ये जाऊन कारागिरांसमोर रंग काढून बसतो! १९२१ साली तिथेच वारला. तू पाहिलंस ते त्याचं राहतं घर, आता तिथे त्याचीच चित्रं लावलीत.

हामोर म्हणजे काय तेही पाहिलं. ओढ्याच्या पाण्यावर चाक फिरतं आणि ते घण उचलून आपटतं. हे वाचून मला हसू आलं आणि थोडा हेवाही वाटला. आपल्याकडे तो घण आजोबांच्या खांद्याने उचलला.

तिकडे म्हणे म्हण आहे, सोन्याची क्रेम्नित्सा, चांदीची श्त्यावनित्सा, तांब्याची बिस्त्रित्सा. आणि ते तांबं आपल्या दिशेनेही निघालं होतं! ऐक. तिथल्या खाणी पंधराव्या शतकाच्या शेवटी फुगर नावाच्या जर्मन सावकारांनी एका भागीदाराबरोबर चालवायला घेतल्या. २००८ साली नामिबियाच्या किनाऱ्यावर एक बुडालेलं पोर्तुगीज जहाज सापडलं. बहुधा १५३३ साली लिस्बनहून हिंदुस्थानाकडे निघालेलं. त्यात टनावारी तांब्याचे गोळे होते. गोळ्यांवर फुगरांचा शिक्का, आणि शिक्का कसला, तर त्रिशूळ! तपासलं तेव्हा ते तांबं स्लोवाकियाच्या डोंगरातलं निघालं. ते जहाज पोचलं असतं तर त्यातलं काही आपल्या किनाऱ्यावर कुणा तांबटाच्या ऐरणीवर आलं असतं. रात्री एक वाजता तुझ्या आईला उठवून हे सांगितलं. तिने कूस बदलली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

आजोबांचा एकच फोटो घरात आहे, देवघराच्या वरचा. लक्ष्मी रोडला स्टुडिओत काढलेला. कोट शेजाऱ्यांचा, टोपी नवी, मागे पडद्यावर रंगवलेला बाग. फोटोवाल्याने त्यांना हात कोटाच्या खिशात घालायला लावले, कारण बोटं काळी होती, नखं फुटलेली. आयुष्यभर ज्या हातांनी बंब, घंगाळं, हंडे घडवले, तेच फोटोत नाहीत. मला लहानपणी तो फोटो फार आवडायचा. साहेब दिसतात, म्हणून. परवा ती प्रिंट शेजारी धरली आणि वाटलं, यांना कुणी असं बघितलंच नाही. भट्टीजवळ घामेजलेले, एक कान तुटल्यासारखा बहिरा, ओठ घट्ट मिटलेले. मीही नाही बघितलं. मी दिवसभर समोर असायचो, पण हातोड्याकडे बघायचो, ठोका चुकू नये म्हणून.

स्कुतेत्स्कीची मुलगी कारोला, तीही चित्रकार झाली. बापाकडे शिकली. हे वाचल्यावर बराच वेळ फोन खाली ठेवून बसलो. तू सात-आठ वर्षांची असशील, मठारायला आणलेल्या परातीवर चोरून ठोके मारत होतीस. मी हातोडा काढून घेतला. "हे मुलींचं काम नाही," म्हणालो. खरं सांगू? ठोके बरे पडले होते, एकसारखे. ती परात मी विकली. गिऱ्हाइकाला फरक कळला नाही, मला कळला होता. तेव्हा बोललो नाही.

तुला तिकडे शिकायला पाठवलं त्याचा पश्चात्ताप नाही, तसं मुळीच समजू नकोस. फक्त हे सांगायचं राहिलं होतं.

पुन्हा बिस्त्रित्साला जाणं झालं तर माझं एक काम कर. चित्राच्या अगदी जवळ जा आणि हातोड्याचा दांडा माणसांनी कुठे धरलाय ते बघ, टोकाला की मध्यावर. नवखा मध्ये धरतो, मुरलेला टोकाला. प्रिंटवर नेमकी तिथेच काळी शाई पसरलीय. बघितलंस की लगेच कळव, मध्यरात्र असली तरी चालेल.

तुझे,
बाबा

ता. क. तांब्याची बाटली काळी पडली म्हणालीस. तिकडचं लिक्विड लावू नकोस. चिंच मिळाली तर चिंच, नाहीतर लिंबू आणि मीठ. चोळून लगेच धुवायचं आणि कोरडं पुसायचं.