आमच्या फियाटवर ताडपत्री टाकणाऱ्या भाऊंना

भाऊ, सप्रेम नमस्कार.

पत्रात माझे नाव घालू नका, असे तुम्ही मला दोनदा बजावलेत, म्हणून ते घालत नाही. कुर्ल्यातल्या ज्या गल्लीत तुम्ही गॅस कटर चालवता तिचा पत्ताही लिहीत नाही. तरी पत्र चारचौघांत लिहिते आहे, कारण जुलैतल्या त्या चार दिवसांत ज्यांना सहज मदत करता आली असती त्यांनी हात वर केले, आणि ज्यांचा आमच्याशी काडीचाही संबंध नव्हता त्या तुम्ही आमची गाडी वाचवलीत. आमच्या सोसायटीने आणि जुन्या गाड्या जिवापाड जपणाऱ्या सगळ्यांनी हे वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

गाडी 1975 ची प्रीमियर पद्मिनी. कागदावर पद्मिनी, पण आमच्या घरात ती पहिल्यापासून फियाटच. अण्णांनी ती नवी घेतली तेव्हा मी सात वर्षांची होते. पुढच्या सलग सीटवर अण्णा आणि आई यांच्या मधे बसून मी स्टिअरिंगला लावलेला गिअर पडताना बघत असे. दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले आणि गाडी माझ्याकडे आली. दर रविवारी मी ती ठाण्याहून घोडबंदर रोडला फिरवून आणते, पेट्रोल भरते आणि अण्णांच्या वहीत तारीख, किलोमीटर आणि लिटर लिहिते. नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी न चुकता झालेले आहे. गाडी धावते, आणि चांगली धावते.

ती चोरीला गेली भर दिवसा, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास. दोन माणसे टोइंगची गाडी घेऊन आली, फाटकावरच्या माणसाला म्हणाली की ही गाडी भंगारात दिली आहे, आणि त्याने फाटक उघडून दिले, इतकेच नव्हे तर गाडी मागे घेताना हातही लावला. त्याला मी दोष देत नाही, कारण गेले वर्षभर सोसायटीच्या सूचनाफलकावर ‘जुन्या, पडीक गाड्या हलवाव्यात’ अशी नोटीस होती आणि बैठकीत आमच्या फियाटचा उल्लेख ‘तो खटारा’ असाच होत असे. जी गाडी सगळ्यांच्या लेखी भंगारच आहे ती भंगारवाल्याने नेली, तर त्यात त्या बिचाऱ्याला वावगे काय दिसणार?

पोलीस ठाण्यात टेबलापलीकडच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला तो गाडीच्या किमतीचा. पन्नास वर्षांची गाडी म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवले. “अहो, ती आता कापलीही असेल, कशाला मनस्ताप करून घेता,” असे म्हणून त्याने साध्या अर्जावर माझी बोळवण केली. विमा एजंटने दरवर्षी सांगितले होते की इतक्या जुन्या गाडीला थर्ड पार्टीच पुरे. थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई मिळत नाही, आणि पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवून पूर्ण विमा उतरवता येतो, हे मला गाडी गेल्यावर कळले. ज्याचे कामच ते सांगण्याचे होते त्याने ते कधीच सांगितले नव्हते. हा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

शुक्रवारी दुपारी तुमचा फोन आला. “ताई, निळी फियाट तुमची का?” एवढेच तुम्ही विचारलेत आणि मला उभे राहवेना.

तुम्ही मला नंतर सांगितलेत ते मी अनेकांना सांगितले आहे. मालकाने गाडी कापायला सांगितली होती आणि कागद मागाहून येतील असे म्हटले होते. पुढची काच आणि दिवे आधीच कोणीतरी उतरवून नेले होते. कटर पेटवण्याआधी तुम्ही डॅशबोर्डचा कप्पा रिकामा करायला उघडलात, कारण आत कागद किंवा तेलकट फडके राहिले तर पेट घेते, आणि तुमच्या हाताला अण्णांची वही लागली. पहिल्या पानावरचा लँडलाइन नंबर केव्हाच बंद पडलेला होता. तुम्ही तो लावून पाहिलात आणि वही फेकून न देता एकेक पान उलटत शेवटपर्यंत गेलात. शेवटची नोंद पाच दिवसांपूर्वीची होती, माझ्या अक्षरातली, आणि वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर माझा मोबाइल नंबर होता. “भंगारातली गाडी गेल्या रविवारी पेट्रोल भरते होय, ताई?” हे तुमचे वाक्य. पोलीस ठाण्यात, सोसायटीत आणि विमा कार्यालयात जे एकालाही सुचले नाही, ते परभणीहून पोटासाठी आलेल्या आणि रोजंदारीवर राबणाऱ्या माणसाला एका वहीवरून उमगले.

गाडी वाचली ती त्या फोनमुळे, हे खरेच आहे. पण माझ्या मनात घर करून राहिले आहे ते दुसरेच.

मी पोलिसांना घेऊन पोहोचले तेव्हा पाऊस कोसळत होता. पुढची काच नसलेली गाडी आतून चिंब भिजली असणार, अण्णांची सीट कुजणार, असे मनाशी म्हणत मी गल्लीत शिरले. गाडीवर निळी ताडपत्री होती. काचेच्या रिकाम्या चौकटीवरून ती ताणून, चारही टोके बंपरला आणि दारांच्या हँडलांना सुतळीने बांधलेली. तुमच्या कामाच्या जागेवर छप्पर म्हणून एवढी एकच ताडपत्री होती, हे वर नुसते बांबू दिसले तेव्हा माझ्या लक्षात आले. तुम्ही त्या बांबूंखाली भिजत उभे होतात आणि वही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून जेवणाच्या डब्याखाली ठेवलेली होती. मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, “सीट कोरडी आहे, हात लावून बघा.” मी हात लावून पाहिला. रेक्झिन कोरडे होते. त्या क्षणी मला जे रडू आले ते अण्णांच्या तेराव्यालाही आले नव्हते.

पुढे कायद्याच्या सोपस्कारांत पाच आठवडे गेले आणि गाडी तेवढे दिवस पोलिसांच्या आवारात उघड्यावर उभी होती. तुम्ही ताडपत्री सोडवून घेतली नाहीत, म्हणून ती तगली. त्या दिवसाची तुमची मजुरी कापली गेली, हे तुम्ही मला सांगितले नाहीत, ते तुमच्या शेजारच्या माणसाने सांगितले.

आणखी एक गोष्ट मी घरी परतताना मनाशी घोळवत होते. ही गाडी तयार झाली ती कुर्ल्यातच, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. जिथे तिचे पत्रे जोडले गेले, त्याच उपनगरात ते कापले जाणार होते. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची 20 वर्षांची मुदत संपली, तेव्हापासून लोक रस्त्यात थांबवून आमच्या गाडीचे फोटो काढू लागले. मीही हौसेने फोटो टाकले, ज्यांत नंबरही दिसत होता आणि सोसायटीचे फाटकही. ते मी करायला नको होते.

पंचनामा चालू असताना आपण दोघे त्याच कोरड्या सीटवर बसलो होतो आणि तुम्ही मला आपल्या धंद्यात पाहिलेले सगळे सांगितलेत. दाराच्या पुढची तिकोनी काच आतल्या खिट्टीसकट ढिली झालेली असते, ती ढकलून हात आत घालता येतो. इतक्या वर्षांत झिजलेले कुलूप भलत्याच किल्लीने उघडते. दोन वायरी जोडल्या की इंजिन सुरू होते, कारण नव्या गाड्यांसारखे किल्ली ओळखणारे यंत्र यात नाहीच. डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडून आतला रोटर काढून खिशात ठेवला तर ठिणगी प्लगपर्यंत जात नाही आणि चोर कितीही स्टार्टर मारत बसला तरी गाडी हलत नाही, हे तुम्हीच मला दाखवलेत. मग तुम्हीच म्हणालात की उचलून नेणाऱ्यापुढे रोटरचा काही उपयोग नाही, त्याला चाकातून साखळीच पाहिजे. आता जमिनीत पक्क्या केलेल्या कडीला साखळी आहे. बॅटरीचा प्रवाह तोडणारा खटका बसवला आहे आणि स्वतःची बॅटरी असलेला जीपीएस ट्रॅकर गाडीत आहे. हे दोन्ही नेमके कुठे आहेत ते इथे लिहिणार नाही. इंजिन आणि चॅसीचे नंबर काचांवर कोरून घेतले, त्यांचे आणि गाडीवरच्या प्रत्येक जुन्या ओरखड्याचे फोटो घरी वेगळे ठेवले. किंमत ठरवून पूर्ण विमाही उतरवला.

पण सगळ्यांत आधी मी केले ते हे. फाटकावरच्या चौकीत गाडीचा फोटो लावला आणि खाली लिहिले की ही गाडी चालू आहे आणि मला फोन केल्याशिवाय ती कोणालाही नेऊ देऊ नये. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये नियमांत दुरुस्ती करून, मूळ रूपात राखलेल्या 50 वर्षांपुढच्या गाडीला ‘विंटेज’ म्हटले आहे. ते कलम छापून मी सोसायटीच्या सचिवांना दिले आणि सूचनाफलकावरची नोटीस उतरवायला लावली. चोरांना कुलूप तोडावेच लागले नव्हते. आमची गाडी म्हणजे टाकाऊ वस्तू, हे आजूबाजूच्या सगळ्यांनी आधीच मान्य केलेले होते, तेवढ्यावर त्यांचे काम झाले. तुम्ही ते मान्य केले नाहीत. चांगुलपणाला शिक्षण, पद किंवा गणवेश लागत नाही हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण तो स्वतःचे छप्पर सोडून दुसऱ्याच्या गाडीवर बांधतो, हे मी पहिल्यांदाच पाहिले.

नवी काच मिळायला वेळ लागला, ती गेल्या आठवड्यात बसली. ताडपत्री मी धुऊन, वाळवून, घडी करून डिकीत ठेवली आहे. सुतळीसुद्धा टाकलेली नाही. येत्या रविवारी सकाळी ती परत द्यायला येते आहे. तुमची सुट्टी असेल तर वहिनींना आणि मुलांनाही तयार ठेवा, पुढची सीट सलग आहे, सगळे मावतील. वहीत त्या रविवारचे किलोमीटर तुमच्या हाताने लिहायचे आहेत.

तुमची,
निळ्या फियाटवाली ताई