सिस्टर, दाराकडे तोंड करून ठेवलेल्या त्या खुर्चीसाठी

प्रिय सिस्टर,

तुमचं नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. वांद्र्याच्या त्या चॅपलमध्ये पहिल्यांदा आले, तेव्हा मागे कुणीतरी दार आपटलं आणि मी जागच्या जागी थिजले. आमच्या घरी रात्री कडी अशीच वाजायची, आणि मागोमाग पप्पांचा पट्टा. तुम्ही काहीच विचारलं नाहीत. माझी खुर्ची उचलून भिंतीशी ठेवलीत, दार मला दिसत राहील अशी, आणि म्हणालात, "डोळे उघडे ठेवूनही प्रार्थना होते गं."

त्याआधी एका प्रार्थनागटात मला सांगितलं होतं, क्षमा कर, विसरून जा, देवाच्या दहा आज्ञांतली चौथी आठव. क्षमा केली असं तोंडाने कितीदा म्हटलं, पण रात्री दचकून उठणं थांबलं नाही. तुम्ही म्हणालात, "आईबापांचा मान राख एवढंच आज्ञा सांगते. मार लपव, असं नाही सांगत." त्या दिवशी मी किती रडले, ते तुम्हाला ठाऊक आहे.

मग तुम्ही बायबलमधलं ८८वं स्तोत्र वाचायला दिलंत. १५० स्तोत्रांत विलापाची पुष्कळ आहेत, पण बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. मला आजवर वाटायचं, देवापुढे डोळे पुसूनच जायचं असतं.

झोपण्यापूर्वी देवासोबत दिवस पुन्हा बघायची, १६व्या शतकातल्या संत इग्नाशियस लोयोलांची रीतही तुम्हीच शिकवलीत, आणि माझ्यापुरती लहान केलीत. चुका मोजायच्या नाहीत (ते मी लहानपणापासून करतच होते), आज जीव कुठे निवांत झाला तेवढंच आठवायचं. पहिल्या आठवड्यात एकच आठवलं, लोकलच्या खिडकीतून आलेला माहीमच्या खाडीवरचा वारा.

प्रार्थनेनेच सगळं बरं होईल, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. समुपदेशक बाईंकडे पहिल्या दिवशी सोबत आलात, तासभर बाहेर जपमाळ घेऊन बसलात.

'हे आमच्या स्वर्गातील बापा' यातला शेवटचा शब्द अजूनही कधीकधी ओठांवर येत नाही. "तेवढा शब्द आम्ही म्हणू तुझ्यासाठी," असं तुम्ही म्हणाला होतात. मिस्सात, चर्चमधल्या सामूहिक उपासनेत, तिथे मी गप्प राहते, आणि चहूबाजूंनी तो ऐकते. मनापासून आभार, सिस्टर.

येत्या बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला येते आहे. तुमच्या शेजारी जागा ठेवा.

तुमची,
भिंतीजवळच्या खुर्चीवाली