‘पांढऱ्या पेशी’ नव्हेत, प्लेटलेट्स

महोदय,

आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात डेंग्यूच्या एका रुग्णाविषयी ‘पांढऱ्या पेशी वीस हजारांवर’ असा मथळा वाचला. तालुक्याच्या गावी तीस वर्षे रक्ततपासणीचे काम केल्यामुळे हा शब्दप्रयोग मला नवा नाही. रुग्णाचे नातेवाईकही खिडकीशी येऊन हेच विचारत. पण पांढऱ्या पेशी प्रतिकाराचे काम करतात, आणि त्या मुळातच साधारण चार ते अकरा हजार असतात, त्यामुळे त्या ‘वीस हजारांवर’ आल्या तर वाढल्या असे म्हणावे लागेल. बातमीदाराला अभिप्रेत होत्या त्या प्लेटलेट्स, म्हणजे बिंबिका.

बिंबिकेला पूर्ण पेशी म्हणणेही तसे धाडसाचेच आहे. अस्थिमज्जेतील अवाढव्य पेशींचे तुकडे सुटून त्या तयार होतात. त्यांना केंद्रक नसते, आकार जेमतेम दोन-तीन मायक्रॉन आणि आयुष्य सात ते दहा दिवसांचे. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्या दीड ते साडेचार लाख असतात.

विळीवर बोट कापले की रक्तवाहिनी आधी आकसते. तिचे आतले अस्तर फाटून खालचे कोलॅजन हे तंतुमय प्रथिन उघडे पडते आणि एरवी चकतीसारख्या गुळगुळीत वाहत जाणाऱ्या बिंबिका, व्हॉन विलेब्रँड नावाच्या प्रथिनाच्या आधाराने, तेथे चिकटतात. चिकटताच त्यांचे रूप पालटते: अंगाला काटे फुटल्यासारखे हात फुटतात, पोटातली रसायने बाहेर पडतात, त्या हाकेने आणखी बिंबिका धावतात आणि फायब्रिनोजेन या रक्तातील प्रथिनाच्या दुव्याने एकमेकींना धरून भोकावर बूच बसवतात. त्यावर फायब्रिनच्या धाग्यांची जाळी विणली जाते ती रक्तातील गोठण-घटकांमुळे. हिमोफिलिया या रक्त न गोठण्याच्या आनुवंशिक आजारात उणीव असते ती या दुसऱ्या टप्प्यात, बिंबिका तेथे पुरेशा असतात. पूर्वी आम्ही बोटाला टोचून दर अर्ध्या मिनिटाला टीपकागद टेकवत असू. लाल ठिपके लहान लहान होत नाहीसे झाले की बूच बसले असे समजायचे.

संख्या हेच सर्वस्व नाही, हे ॲस्पिरिनवरून चांगले कळते. तिच्यामुळे बिंबिकांचे हाक देणारे एक रसायन बंद पडते, आणि केंद्रक नसल्यामुळे त्यासाठी लागणारे विकर (एन्झाइम) त्यांना नव्याने बनवता येत नाही; म्हणजे आकडा तीन लाख असला तरी त्या बिंबिका मरेपर्यंत अधू राहतात. डेंग्यूच्या तापात ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, पॅरासिटामॉल घ्यावे, असे डॉक्टर बजावतात त्याचे एक कारण हेच. उलट, नमुन्याच्या नळीतील ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे काही जणांच्या बिंबिकांचे पुंजके होतात, यंत्राला ते मोजता येत नाहीत आणि धडधाकट माणसाचा आकडा चाळीस हजार छापून येतो. अशा वेळी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर कडेला ते पुंजके दिसत आणि घाबरलेल्या माणसाला घरी पाठवता येत असे.

डेंग्यूत रक्तस्राव नसेल, तर आकडा दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय सहसा बिंबिका चढवत नाहीत. धोका असतो तो ताप उतरताना: पोटात सतत दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून रक्त येणे, रुग्ण मलूल होणे. त्या वेळी रक्तातला द्रव वाहिन्यांबाहेर झिरपतो, आणि तो धोका हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, वाढल्यावरून कळतो, बिंबिकांच्या आकड्यावरून तितकासा नाही. घरोघरी मात्र फोनवर विचारले जाते ते एवढेच, ‘आज किती झाल्या?’

एकदा एक तरुण जिल्ह्याच्या रक्तपेढीतून बिंबिकांची पिशवी बर्फाच्या डब्यात घालून घेऊन आला. लाल रक्त थंड ठेवतात, एवढे त्याला ठाऊक होते. बिंबिका मात्र 20 ते 24 अंश सेल्सिअसला, सतत हलणाऱ्या तबकावर ठेवाव्या लागतात, आणि तरीही साधारण पाच दिवसच टिकतात. पैसे आणि दाते दोन्ही खर्ची घालून आणलेली ती पिशवी डॉक्टरांना वापरता आली नाही. त्याला कोणी हे सांगितले नव्हते, त्यामुळे दोष त्याचा म्हणवत नाही.

म्हणून विनंती अशी की, यापुढे बातमीत ‘पांढऱ्या पेशी’ऐवजी ‘प्लेटलेट्स’ असेच छापावे, आणि आकड्याच्या चौकटीइतकीच जागा वर सांगितलेल्या लक्षणांनाही द्यावी.

— एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, जि. सातारा